न दिसणे आणि नसणे



आजच्या विषयाचे नाव जरा अवजड आहे. प्राण्यांच्या आणि वनस्पतींच्या निरनिराळ्या जाती पृथ्वीच्या पाठीवर कोठे कोठे राहतात याचे नकाशे कसे तयार करतात, आणि त्या जाती वाढत आहेत की घटत आहेत यावर नजर कशी ठेवतात, हा तो विषय. शास्त्र नवे आहे. पण त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. या खोलीत घट नाही, हे ज्ञान आपल्याला कशाने होते? घट असेल तर तो डोळ्यांना दिसतो. पण घटाचा अभाव डोळ्यांना कसा दिसणार? भाट्ट मीमांसकांनी आणि अद्वैत वेदान्त्यांनी याकरिता अनुपलब्धी नावाचे एक स्वतंत्र प्रमाणच मानले. मात्र त्याला त्यांनी एक अट घातली. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, एवढ्यावरून तेथे घट नाही असे म्हणता येत नाही. घट असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती असली पाहिजे. तरच त्याचे न दिसणे हा त्याच्या नसण्याचा पुरावा होतो. हिलाच योग्यानुपलब्धी म्हणतात.

आजचे सारे विवेचन या एका अटीभोवती फिरणार आहे. रानात जाऊन आलेला शास्त्रज्ञ जेव्हा ‘हा पक्षी येथे नाही’ असे आपल्या वहीत लिहितो, तेव्हा त्याच्यापुढेही हाच प्रश्न उभा असतो : तो पक्षी असता, तर मला दिसला असता काय? हा केवळ पंडितांच्या वादाचा प्रश्न राहिलेला नाही. एखाद्या जंगलातून रस्ता काढावा की नाही, एखाद्या खोऱ्यात धरण बांधावे की नाही, हे आज काही अंशी या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.

उदाहरण आपल्याच मुलुखातले घेऊ. पिंगळा हा पक्षी आपणां सर्वांच्या ओळखीचा आहे. पडक्या वाड्यांच्या भिंतींत, आमराईत, जुन्या वडाच्या ढोलीत तो जोडीने राहतो आणि तिन्हीसांजेला त्याचा कलकलाट सुरू होतो. पहाटे दारी येऊन भविष्य सांगणाऱ्या भिक्षेकऱ्यालाही आपण पिंगळाच म्हणतो. या गावपिंगळ्याचा एक रानातला भाऊबंद आहे. त्याचे नाव रानपिंगळा. १८७२ साली ब्लूइट नावाच्या गृहस्थांनी आजच्या छत्तीसगढमधील फुलझर भागात या पक्ष्याचा पहिला नमुना मिळवला. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी पुढच्याच वर्षी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि त्या जातीला ब्लूइट यांचे नाव दिले. हे ह्यूम म्हणजे १८८५ साली राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारेच ह्यूम. राजकारणाइतकाच त्यांना पक्ष्यांचा नाद होता. पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. तेव्हा रानपिंगळा आणि अशी व्याख्याने, दोन्ही एकाच दशकात लोकांच्या नजरेस आली म्हणावयाची!

त्यानंतर १८७७ साली ओडिशाच्या बाजूला एक नमुना मिळाला. पुढे जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने पश्चिम खानदेशात, म्हणजे आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील शहादे-तळोदे भागात, १८८० ते १८८४ या काळात आणखी काही नमुने गोळा केले. सगळे मिळून सात. त्या काळी पक्षी टिपून त्याचे कातडे पेंढा किंवा कापूस भरून ठेवावयाचे आणि पायाला चिठ्ठी बांधावयाची, अशी रीत होती. जातीचे नाव, जागा, तारीख आणि पकडणाऱ्याचे नाव, एवढा मजकूर त्या चिठ्ठीवर असे. नकाशाचे सारे शास्त्र या चिठ्ठीवर उभे असते, हे कृपा करून ध्यानात ठेवावे.

१८८४ नंतर रानपिंगळा कोणास दिसला नाही. अपवाद फक्त एक. कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या नावाजलेल्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात एक रानपिंगळा होता आणि त्याच्या चिठ्ठीवर जागा होती गुजरातेतील मांडवी, साल १९१४. त्यामुळे या पक्ष्याच्या शेवटच्या दर्शनाची तारीख तीस वर्षांनी पुढे सरकली आणि नकाशावर एक नवा ठिपका पडला. विसाव्या शतकात सालिम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्या जाणत्यांनी या पक्ष्याचा शोध घेतला. पण तो हाती लागला नाही. पक्षी बहुधा नष्ट झाला असावा, असे पुष्कळांना वाटू लागले.

पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ बाईंनी कर्नलसाहेबांचा संग्रह बारकाईने तपासावयास घेतला. कातडे कसे सोलले आहे, आत काय भरले आहे, शिवण कोणत्या पद्धतीची आहे, हे त्या पाहू लागल्या. जसे शिंप्याचे काम शिवणीवरून ओळखू येते, तसे पक्ष्याचे कातडे भरणाऱ्याचा हातही ओळखू येतो. मांडवीचा म्हणून जो रानपिंगळा दाखविला होता, त्याच्यावर हात डेव्हिडसनचा होता! म्हणजे लंडनच्या संग्रहालयातला खानदेशचा जुना नमुना लांबवून, त्याची नव्याने डागडुजी करून, त्याला खोटी चिठ्ठी बांधली होती. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी १९९९ साली हे सारे सविस्तर प्रसिद्ध केले.

परंतु प्रसिद्ध करण्यापूर्वीच त्यांनी या माहितीचा उपयोग करून घेतला होता. खोटा ठिपका पुसल्यावर जे खरे ठिपके उरले, त्यांच्याच आसपास शोध घ्यावयाचा, असे ठरवून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे १९९७ च्या नोव्हेंबरात हिंदुस्थानात आले. आधी पूर्वेकडची जुनी ठिकाणे त्यांनी पाहिली. तेथे काही मिळाले नाही. मग ते शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी आले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी, चक्क दिवसाउजेडी, एका निष्पर्ण झाडाच्या फांदीवर रानपिंगळा बसलेला त्यांना दिसला. १८८४ पासून मोजले तर एकशे तेरा वर्षांनी.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. एकशे तेरा वर्षे हा पक्षी दिसला नाही. मग तो होता कोठे? तो होता तेथेच होता. न दिसण्याची कारणे पक्ष्यात नव्हती, पाहणाऱ्यांत होती. एक तर पाहणारे थोडे आणि त्यांच्या फेऱ्याही थोड्या. दुसरे असे, की घुबडाच्या कुळातला पक्षी म्हणजे तो निशाचर असणार आणि दाट अरण्यात राहणार, अशी समजूत होती. रानपिंगळा मात्र बराचसा दिवसा वावरतो आणि सागाच्या विरळ, पानगळीच्या रानात उघड्या फांदीवर बसतो. तिसरे असे, की तो गावपिंगळ्यासारखाच दिसतो. डोक्यावर ठिपके फारच कमी, डोके आणि नखे मोठी, आवाज निराळा, एवढाच काय तो फरक. ज्याला हा फरक ठाऊक नाही, त्याच्या समोर रानपिंगळा येऊन बसला तरी तो वहीत ‘पिंगळा’ असेच लिहिणार. तात्पर्य, अनुपलब्धी होती, योग्यानुपलब्धी नव्हती.

हा फरक एकदा कळल्यावर काय झाले ते पाहा. फराह इश्तियाक व असद रहमानी यांनी या पक्ष्याच्या राहणीचा अभ्यास केला. पुण्याच्या प्राची मेहता, जयंत कुलकर्णी आदी अभ्यासकांनी मध्य भारतातल्या रानांची पाहणी केली. तोरणमाळ, यावल, मेळघाट, मध्य प्रदेशातील खांडवा आणि बऱ्हाणपूरकडची राने, अशी एकेक ठिकाणे निघू लागली. २०१४ साली तर तो तानसा अभयारण्यात सापडला. ज्या तानसाच्या तलावाचे पाणी मुंबईकर नित्य पितात, त्याच्या काठच्या रानात हा दुर्मीळ पक्षी बसलेला होता आणि मुंबईला त्याची गंधवार्ता नव्हती! त्याच सुमारास दक्षिण गुजरातेत पूर्णा अभयारण्यातही तो आढळला. येथे कोणी म्हणेल, की मग गुजरातचा तो खोटा ठिपका इतका काही खोटा नव्हता. तसे म्हणता येणार नाही. खोट्या साक्षीदाराने सांगितलेली गोष्ट योगायोगाने खरी निघाली, तरी त्याची साक्ष पुराव्यात धरता येत नाही.

धोक्यात आलेल्या जातींची जागतिक यादी ठेवणाऱ्या संस्थेने २०१८ साली रानपिंगळ्याला ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून काढून ‘संकटग्रस्त’ वर्गात घातले. वृत्तपत्र वाचणाऱ्याला वाटावे की पक्षी वाढले. खरे पाहता, वाढले होते ते मुख्यतः आपले ज्ञान. निरीक्षण जसजसे सुधारते तसतसा आकडा बदलतो आणि तो बदल निसर्गातला की आपल्या डोळ्यांतला, हे वेगळे करणे हीच या शास्त्रातली खरी अवघड कामगिरी आहे.

आता ही कामगिरी कशी करतात ते पाहू. पहिला भाग नकाशाचा. साऱ्या सातपुड्याचे झाड न झाड तपासणे कोणालाच शक्य नाही. तेव्हा आधी शोधावयाचे कोठे, हे अनुमानाने ठरवावे लागते. जोसेफ ग्रिनेल हे कॅलिफोर्नियातले प्राणिशास्त्रज्ञ. त्यांनी १९१७ साली तिकडच्या एका पक्ष्यावर निबंध लिहिला. तो पक्षी अमुक उंचीवर, अमुक हवेत, अमुक प्रकारच्या झुडपांतच का राहतो, याचा विचार करून त्यांनी असे मांडले, की प्रत्येक जातीला निसर्गात आपली एक ठराविक जागा असते. त्यासाठी त्यांनी जो इंग्रजी शब्द वापरला, त्याचा मूळ अर्थ भिंतीतला कोनाडा. उपमा आपल्यालाही जवळची आहे. देवाचा कोनाडा, दिव्याचा कोनाडा, पुस्तकांचा कोनाडा असे ज्याचे त्याचे ठरलेले असते. कोनाड्याचे माप पाहूनही त्यात काय बसेल याचा अंदाज येतो.

आजचे शास्त्रज्ञ तेच करतात. फक्त माप घेण्याचे काम संगणकाकडे असते. सबंध प्रदेशाचे लहान लहान चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनात पाऊस किती, उन्हाळ्यात तापमान किती, उंची किती, झाडी किती दाट, ही माहिती भरतात. मग तो प्राणी ज्या चौकोनांत खरोखर आढळला, ते चौकोन इतरांपेक्षा कशात निराळे आहेत, हे पाहतात. त्यावरून जो हिशेब बसवतात, त्याला प्रतिमान म्हणतात. हे प्रतिमान मग न पाहिलेल्या चौकोनांना लावावयाचे : या ठिकाणी परिस्थिती त्या पक्ष्याला मानवण्यासारखी आहे की नाही?

अशा पद्धती अनेक आहेत. २००६ साली फिलिप्स, अँडरसन आणि शपायर या तिघांनी मांडलेली ‘मॅक्सेंट’ नावाची पद्धत फार लोकप्रिय झाली. तिच्यामागचा विचार मोठा सरळ आहे. सुरुवातीला सर्व चौकोनांना सारखेच माप द्यावयाचे, कोणाकडे झुकावयाचे नाही. मग हाती असलेल्या नोंदी जेवढा फरक करावयास भाग पाडतील तेवढाच फरक करावयाचा, त्याहून तसूभरही जास्त नाही. चांगला न्यायाधीश पुराव्याच्या पलीकडे जात नाही. त्यातलाच हा प्रकार.

पण न्यायाधीश कितीही निःपक्षपाती असला, तरी साक्षीदार एकाच गल्लीतले असतील तर निकाल त्या गल्लीपुरताच लागणार. पक्षी पाहणारे लोक कोठे जातात? जेथे मोटार जाते तेथे, शहराच्या जवळ, सुटीच्या दिवशी. त्यामुळे नोंदी सडकेच्या कडेने जमतात. अशा नोंदी जशाच्या तशा संगणकाला दिल्या, तर रानातल्या पक्ष्यांना डांबरी रस्त्याची विशेष आवड आहे, असा निष्कर्ष निघावयाचा! म्हणून कोठे सापडला याच्याबरोबर, कोठे कोठे शोधले, याचाही हिशेब द्यावा लागतो. दुसरी गोष्ट, कोनाडा जुळता आहे म्हणून त्यात मूर्ती असतेच असे नाही. रान उत्तम असेल, पण मध्ये शेकडो कोस शेती असल्यामुळे पक्षी तेथवर पोचलाच नसेल. किंवा पूर्वी असेल आणि मारला गेला असेल. प्रतिमानाचा नकाशा हा शोध कोठे करावा हे सांगतो. शोध केल्याचे श्रेय त्याला देता येत नाही. आणि तिसरी गोष्ट म्हणजे ती चिठ्ठी. ज्या जातीच्या एकूण सातच खऱ्या नोंदी आहेत, तिच्यात आठवी खोटी मिसळली तर हिशेबाचा आठवा हिस्सा खोटा झाला. संगणकाला खरे-खोटे कळत नाही. तो दोन्ही सारख्याच निष्ठेने गिळतो.

दुसरा भाग योग्यतेचा. पक्षी असता तर दिसला असता काय, या प्रश्नाला आकड्यांत उत्तर देता येते, हे ऐकून आपणांस नवल वाटेल. २००२ साली डॅरिल मॅकेन्झी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही रीत पद्धतशीरपणे मांडली. तिचे मर्म बाजारहाटाच्या गणिताने समजण्यासारखे आहे.

समजा, रानाचे शंभर तुकडे केले. प्रत्येक तुकड्यात एक जाणता माणूस दोनदा जाऊन आला. पहिल्या फेरीत त्याला वीस तुकड्यांत रानपिंगळा दिसला. दुसऱ्या फेरीतही वीसच तुकड्यांत दिसला. पण हे वीस सगळे तेच नव्हते. दहा तुकडे दोन्ही वेळचे, आणि दहा नवे. म्हणजे एकंदर तीस तुकड्यांत तो निदान एकदा दिसला. साधा माणूस म्हणेल, तीस तुकड्यांत आहे, सत्तरांत नाही. पण थांबा. पहिल्या फेरीच्या वीस तुकड्यांत पक्षी आहे, हे आपल्याला निश्चित ठाऊक आहे. दुसऱ्या फेरीत त्यांपैकी दहांतच तो दिसला. म्हणजे पक्षी असूनही एका फेरीत तो दिसण्याचा संभव निम्मा. आता पहिल्या फेरीत जर असलेल्यांपैकी निम्मेच दिसतात आणि दिसले वीस, तर असले पाहिजेत चाळीस! तीस प्रत्यक्ष दिसलेले आणि दहा न दिसलेले, पण हिशेबाने सिद्ध झालेले. ते दहा कोणते, हे या गणिताला सांगता येत नाही. ते आहेत एवढे सांगता येते. दोनऐवजी पाच फेऱ्या केल्या आणि तुकडे अधिक घेतले, म्हणजे उत्तर अधिक भरवशाचे होते.

यावरून एक व्यवहारी गोष्ट निघते. एखादा प्राणी असूनही एका फेरीत दिसण्याचा संभव शंभरात तीस असेल, तर एका फेरीत तो नजरेतून सुटण्याचा संभव सत्तर. तीन फेऱ्या केल्या तरी तो प्रत्येक वेळी सुटण्याचा संभव सुमारे चौतीस उरतो. दहा फेऱ्या केल्यावर तो जेमतेम तीनवर येतो. एकदा डोकावून आलेल्या माणसाने ‘नाही’ म्हणणे आणि दहादा जाऊन आलेल्याने ‘नाही’ म्हणणे, यांत एवढे अंतर आहे. मात्र या गणिताच्याही अटी आहेत. फेऱ्यांच्या मधल्या काळात पक्ष्याने मुक्काम हलविलेला नसावा. आणि गावपिंगळ्याला रानपिंगळा म्हणणारा माणूस या कामावर नसावा. एक चुकीची ओळख सगळा हिशेब बिघडविते.

तिसरा भाग नजर ठेवण्याचा, म्हणजे काळाच्या ओघात काय बदलले हे पाहण्याचा. येथे पुन्हा ग्रिनेल यांचेच नाव घ्यावे लागते. बर्कली येथील प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयाचे ते १९०८ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९३९ पर्यंत, संचालक होते. हातांखालच्या सर्वांना त्यांची शिस्त अशी, की दिवसभर जे पाहिले ते रात्री निजण्यापूर्वी वहीत उतरले पाहिजे. कोणत्या वाटेने गेलो, किती सापळे लावले, किती रात्री लावले, काय सापडले, आणि ज्या रात्री काही सापडले नाही ती रात्रही. या वह्यांची खरी किंमत शंभर वर्षांनी, पुढच्या अभ्यासकाला कळेल, अशी त्यांची भावना होती. १९१४ ते १९२० या काळात त्यांनी योसेमिटीच्या डोंगराळ मुलुखाची अशी पाहणी केली.

भविष्य खरे ठरले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी क्रेग मोरिट्‌झ आणि त्यांचे सहकारी त्या जुन्या वह्या घेऊन त्याच वाटांनी गेले आणि त्याच ठिकाणी सापळे लावून बसले. २००८ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. लहान सस्तन प्राण्यांच्या ज्या अठ्ठावीस जाती तपासल्या, त्यांपैकी निम्म्या जातींच्या राहण्याच्या सीमा डोंगरावर सरासरी सुमारे पाचशे मीटर वर सरकल्या होत्या. त्या भागातले किमान तापमान दरम्यान सुमारे तीन अंशांनी वाढले होते. उंदीर-खारींनी बिऱ्हाडे हलविली होती, आणि हे कळले ते कोणाच्या आठवणीवरून नव्हे, तर वहीवरून. ‘त्या काळी हा प्राणी या उंचीवर नव्हता’ असे मोरिट्‌झ यांना ठामपणे म्हणता आले, कारण तेथे किती सापळे किती रात्री रिकामे राहिले, हे ग्रिनेल यांनी लिहून ठेवले होते. वर सांगितलेले योग्यतेचे गणित त्या रिकाम्या सापळ्यांमुळेच मांडता आले. माइनर्ट्‌झहागेन यांची एक चिठ्ठी आणि ग्रिनेल यांची एक वही शेजारी शेजारी ठेवून पाहा. एकीने सापडल्याचा खोटा डौल मिरविला, दुसरीने न सापडल्याची खरी नोंद केली. आणि शास्त्राच्या उपयोगी पडली ती दुसरी.

याच्या उलट बाजूचीही एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. रानपिंगळा कागदावर नव्हता, पण रानात होता. राजस्थानातल्या सरिस्का अभयारण्यात वाघ कागदावर होते. २००५ साली शोध घेतला तेव्हा रानात एकही उरलेला नव्हता. शिकाऱ्यांनी ते संपविले होते. पावलांच्या ठशांवरून वाघ ओळखून मोजण्याची जी जुनी पद्धत होती, तिचा फोलपणा या प्रकरणाने सर्वांपुढे आला. ठसा मातीच्या ओलाव्याप्रमाणे बदलतो आणि मोजणाऱ्याच्या इच्छेप्रमाणेही बदलतो. त्यानंतर देशभर स्वयंचलित कॅमेरे लावण्याची पद्धत आली. प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात; तेव्हा आपण मघाशी केला तसाच हिशेब येथे चालतो : पहिल्यांदा टिपलेल्या वाघांपैकी किती पुन्हा टिपले गेले, त्यावरून न टिपलेले किती. २०२२ च्या पाहणीतून देशात ३,६८२ वाघ असावेत असा अंदाज निघाला. आणि तो देताना, खरी संख्या ३,१६७ आणि ३,९२५ यांच्या दरम्यान असावी, असेही सांगण्यात आले. काही लोकांना हा दुबळेपणा वाटतो. वास्तविक तो प्रामाणिकपणा आहे. ज्या आकड्याबरोबर त्याच्या अनिश्चिततेचे माप दिलेले असते, त्याच आकड्यावर विश्वास ठेवावा.

आपण गावात राहणारी माणसे; आपला या साऱ्याशी संबंध काय, असे विचाराल तर फार जवळचा आहे. मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली स्थापन झाली ती हौशी माणसांच्याच पुढाकाराने. आणि २०२३ साली भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल निघाला, त्यात ९४२ जातींचा विचार आहे. त्यामागे तीस हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदी आहेत. त्यात वकील आहेत, शिक्षक आहेत, गृहिणी आहेत, शाळकरी मुले आहेत. १७८ जातींकडे तातडीने लक्ष दिले पाहिजे, असा इशारा त्या अहवालाने दिला. इतकी माणसे पगार देऊन नेमावयाची म्हटली, तर कोणत्याही सरकारला परवडणार नाही. याखेरीज २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली गावोगाव जैवविविधता समित्या आणि नोंदवह्या करावयाच्या आहेत. कोणते झाड कोठे आहे, कोणता मासा कोणत्या डोहात मिळतो, पूर्वी काय होते आणि आता काय नाही, हे ज्यांना ठाऊक आहे ते गुराखी, कोळी, शेतकरी आणि रानात राहणारे लोक यांचे ज्ञान त्या वहीत यावे, हा हेतू. ती वही मनापासून भरली तर गावाची ग्रिनेल-वही होईल. तालुक्याच्या कचेरीत बसून नक्कल केली, तर तिची माइनर्ट्‌झहागेनची चिठ्ठी होईल.

नोंद कशी करावी, याचे नियम चारच आहेत. तारीख आणि जागा अचूक लिहावी. किती वेळ पाहिले, ते लिहावे. त्या वेळात ओळखता आलेला प्रत्येक पक्षी लिहावा, नुसता दुर्मीळ तेवढा नव्हे. कारण कावळा-चिमण्यांची नोंद करणाऱ्याच्या यादीत जे नाही, त्या नसण्यालाही अर्थ येतो. आणि ओळख पटली नसेल तर तसे स्पष्ट लिहावे. पंधरा मिनिटांची अशी नोंद अंगणातून करता येते आणि वर्षानुवर्षे केली, तर तिचा उपयोग आपल्या नातवंडांच्या पिढीलाही होतो.

शेवटी, आपण नागरिक म्हणून लक्षात ठेवण्याजोगी एक गोष्ट सांगतो. धरण, खाण किंवा रस्ता व्हावयाचा असला, की त्या जागेची पाहणी होऊन अहवाल तयार होतो. त्यात दुर्मीळ जातींपुढे ‘आढळली नाही’ असा शेरा असतो आणि निर्णय घेणारे तो ‘नाही’ असा वाचतात. या दोन शब्दप्रयोगांत किती अंतर आहे, हे एकशे तेरा वर्षे न दिसलेल्या एका पक्ष्याने दाखवून दिले आहे. म्हणून असा अहवाल समोर आला तर विरोधासाठी विरोध करू नये आणि मुकाट्याने मानही हलवू नये. विचारावे, की आपण तेथे किती वेळा गेलात? कोणत्या ऋतूत आणि दिवसाच्या कोणत्या वेळी? ओळखणारा माणूस कोण होता? आणि तो प्राणी तेथे असता, तर एवढ्या पाहणीत तो दिसण्याचा संभव किती होता? चारही प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली, तर ‘नाही’ हा शब्द मान्य करावा. ती योग्यानुपलब्धी होय. उत्तरे मिळाली नाहीत, तर निर्णयाआधी पुन्हा पाहणी करा, एवढेच मागावे. तोडलेले रान पुन्हा उभे राहावयास कित्येक पिढ्या लागतात. पाहणी पुन्हा करावयास एक हंगाम पुरतो.